खुंटीचं बीपी

"काटा कधी खोटं बोलत नाही. खोटं बोलतो तो काटा बसवणारा!"

हे विश्राम संखेचं आवडतं वाक्य. बेटेगावात हे वाक्य न ऐकलेला माणूस सापडला, तर तो नक्की पाहुणा समजावा! तारापूरच्या एका केमिकल कारखान्यात विश्राम इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. वाफेचा दाब दाखवणारे, टाक्यांचं तापमान दाखवणारे जेवढे म्हणून काटे कारखान्यात आहेत, ते खरं दाखवतात की नाही हे तपासायचं, हे त्याचं काम. आणि हे काम त्याच्या अंगात इतकं मुरलेलं की शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली, तरी हा इकडे भाकरीचा घास हातात धरून सांगणार, "प्रेशर गळतंय. रबर बदला म्हणावं!"

अशा माणसाच्या नशिबी बायको कोण यावी? शालू! जिचा दाबही कमी आणि तापमानही कमी!

तशी शालू लग्नात चांगली ठणठणीत होती. काही वर्षांपूर्वी मात्र ती उन्हात ठेवलेल्या मेथीसारखी कोमेजत चालली. उठली की भोवळ, बसली की थकवा, रंग काळवंडलेला आणि मिठाचं असं वेड की चिमटीचिमटीने नुसतं मीठ खायची. सासूबाई राहीबाई म्हणाल्या, "डोहाळे हायेत!" मुलगा तेव्हा नाशिकला कॉलेजात शिकत होता! शेवटी पालघरच्या एका डॉक्टरीणबाईंनी दुखणं शोधून काढलं. त्याचं नाव ॲडिसन. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात, त्यांनी काम सोडलं होतं. त्यांचं काम आता रोजच्या गोळ्यांनी करायचं, आणि ते जन्मभर.

गोळ्या सुरू झाल्या आणि शालू परत माणसांत आली. वाडीतल्या मिरच्या तोडू लागली, भांडू लागली, हसू लागली. फक्त तिचे आकडे जगावेगळे राहिले. बीपी नव्वदच्या आसपास आणि अंग साडेशहाण्णव.

"हेच हिचं नॉर्मल," डॉक्टरीणबाईंनी विश्रामला समोर बसवून सांगितलं होतं. "नव्वद बघून घाबरायचं नाही. मीठ भरपूर खाऊ द्या. पण ताप आला, उलट्या झाल्या, गोळी पोटात राहिली नाही, की मग मात्र थांबायचं नाही. बीपी धाडकन खाली येतं, जिवावर बेततं. थेट इथे आणायचं."

विश्रामने ते मनावर घेतलं. कारखान्यात एखाद्या काट्यात फरक असला की त्यावर चिठ्ठी लावायची पद्धत असते, म्हणजे पुढच्याची फसगत होत नाही. त्याप्रमाणे त्याने घरातल्या थर्मामीटरला पट्टी चिकटवली, "शालू: ९९ म्हणजे ताप". किती शहाणपणाचं काम! एवढ्यावर हा माणूस थांबला असता, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

पण घरात राहीबाई होत्या.

सुनेच्या आजारपणात राहीबाई उपकेंद्रातल्या सिस्टरकडून बीपी मोजायला शिकल्या. घड्याळासारख्या तबकडीचं यंत्र, रबरी फुगा, दंडाला बांधायचा पट्टा आणि कानात नळ्या. मोजायच्या अगदी चोख! आकडा बिनचूक सांगायच्या. फक्त त्या आकड्याचा अर्थ त्यांना कधी पटला नाही. माणसाचं बीपी एकशेवीस असतं असं सिस्टरने सांगितलं होतं ना? मग नव्वद म्हणजे मरणाच्या दारात!

"नव्वद!" राहीबाई ओटीवरून हाक फोडायच्या. "आगो, माझी सून चालली गो!"

त्या एका हाकेत आख्खी आळी गोळा! साखरबाई सातपाटीहून सुकी मच्छी आणून आळीत विकायची, ती टोपली टाकून धावत यायची. ललित बोईसर-पालघर इको गाडी चालवायचा, तो बसलेले पॅसेंजर उतरवून गाडी दारात लावायचा. कोणी शहाळं आणायचं, कोणी लिंबूपाणी, कोणी देवीचा अंगारा! आणि जिच्यासाठी हे सगळं, ती शालू स्वयंपाकघरात बसून वाल सोलत असायची.

"अवो, मला काय नाय झालं!"

"वयनी, पेशंटला असंच वाटतं," ललित म्हणायचा. "बसा गाडीत."

"माझी भाजी करपेल!"

"भाजी आमी बघतो गो," साखरबाई म्हणायची. "तू जीव सांभाळ."

मग वरात जवळच्या दवाखान्यात. तिथला डॉक्टर यांना बघून खुर्चीवरून उठायचाही नाही. "नव्वद ना? घेऊन जा घरी."

असं महिन्यातून दोन-तीनदा होऊ लागलं. एका दुपारी शालूने विश्रामला गाठलं. डोळ्यांत पाणी होतं.

"मला लाज वाटते हो. ललितभाऊ धंदा सोडून येतात. साखरमावशीच्या टोपलीतले बोंबील मांजरं पळवतात. एवढ्या माणसांना मी किती वेळा पळवायचं? काय तरी करा."

बायकोच्या डोळ्यांतलं पाणी बघून विश्रामच्या आतला टेक्निशियन जागा झाला.

"सोप्पं हाय!" तो म्हणाला. "रविवारपर्यंत थांब."

रविवारी राहीबाई बारशाला गेल्या तसा विश्राम यंत्र घेऊन चिकूच्या झाडाखाली बसला. काच काढली, सुई उचलली आणि तीसच्या आकड्यावर नेऊन बसवली. काच लावली. झालं! आता नव्वद असलं की काटा दाखवणार एकशेवीस. अगदी पुस्तकातलं! खालचा आकडाही तीसने वर जाणार होता, पण खालचा आकडा बघायची आळीत कोणालाच सवय नव्हती.

कारखान्याच्या नियमाप्रमाणे आता त्यावर चिठ्ठी लावायला हवी होती. पण चिठ्ठी लावली की आई वाचणार, आणि आईने वाचली की सगळंच मुसळ केरात! तेव्हा विश्रामने चिठ्ठी लावली नाही. कोणाला सांगितलंही नाही. शालूलाही नाही! फक्त स्वतःवर खूश होऊन दोन चिकू खाल्ले.

संध्याकाळी राहीबाईंनी सुनेच्या दंडाला पट्टा बांधला. फुगा दाबला. ऐकलं. पुन्हा ऐकलं.

"एकशेवीस!" त्यांची हाक आज निराळीच होती. "महालक्ष्मी पावली रे!"

आळी तशीच गोळा झाली, पण या वेळी पेढे वाटायला. शालू गोंधळून नवऱ्याकडे बघत राहिली आणि विश्रामने मिशीतल्या मिशीत हसून घेतलं. रिकामं असताना काटा तीसवर उभा असतो, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. यंत्र दंडाला बांधल्याशिवाय त्याच्याकडे बघतं कोण?

घरात शांतता आली. आणि त्या शांततेतच गाडी घसरली!

सून बरी झाली ती आपल्या हाताच्या गुणाने, अशी राहीबाईंची खात्री पटली. हाताला गुण आहे तर तो घरात कशाला कोंडायचा? त्यांनी दुपारचं ओटीवर बसून आळीचं बीपी मोजायला घेतलं. फुकट! पहिला नंबर साखरबाईचा.

"एकशेसाठ!"

"काय बोलतेस राही?" साखरबाई मटकन बसली. "मला तर काय होत नाय."

"पेशंटला असंच वाटतं," राहीबाई म्हणाल्या. "आजपासून मीठ बंद!"

ललित एकशेपन्नास. त्याची बायको एकशेपंचेचाळीस. देवळातला पुजारी एकशेसत्तर! पोस्टमन पत्र द्यायला आला, तोही एकशेपंचावन्न घेऊन गेला. बघता बघता आख्खी आळी बीपीची पेशंट! घराघरात आळणी डाळ शिजू लागली. ललित पहाटे धापा टाकत चालायला जाऊ लागला. साखरबाईची तर कमालच! सुके बोंबील विकता विकता ती गिऱ्हाइकालाच सांगू लागली, "नको घेऊ गो बाय. खार हाय. तुझ्या जिवाला बरं नाय!" आयुष्यात पहिल्यांदा तिची टोपली भरलेली घरी परत गेली.

आता घराघरातली लोणची, पापड, खारवलेल्या कैऱ्या, सुकट यांचं करायचं काय? टाकवत नाही आणि खाता येत नाही! सगळ्यांच्या डोक्यात एकच नाव आलं. आळीत डॉक्टरने मीठ खायला सांगितलेलं माणूस एकच होतं.

"शालू, तू खा," प्रत्येकीने बरणी आणून ठेवली. "आमच्या नशिबात नाय. तुझ्या तरी अंगी लागू दे."

शालूला भरून आलं. तिने मनापासून खाल्लं.

इकडे विश्रामला भाकरी गोड लागेना. रोज ठरवायचा, आज सांगू. आणि ओटीवर रांग बघून गप्प बसायचा. मग ठरवलं, गुपचूप काटा परत शून्यावर आणू. पण नेमकं कारखान्याचं वर्षाचं शटडाऊन लागलं! सगळा प्लांट बंद ठेवून दुरुस्त्या. विश्राम सकाळी जायचा तो अंथरुणापुरता घरी यायचा. आणि यंत्र? ते राहीबाई उशाशी घेऊन झोपत.

"आपलंही मोजून घे रे," त्या म्हणाल्या.

"मेकॅनिकने आपलं मोजायचं नसतं," विश्राम म्हणाला आणि पळाला.

अशात एके दिवशी सकाळी शालूचं अंग मोडून आलं. तिने थर्मामीटर लावला. नव्व्याण्णव पॉइंट दोन. पट्टी वाचली, ताप आहे हे तिला कळलं, डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली जास्तीची गोळी तिने घेतली. अर्ध्या तासात गोळी उलटून पडली. दुसरी घेतली, तीही पडली. उभं राहायला गेली तर पाय लटपटले. ती भिंत धरून सासूच्या खाटेपर्यंत आली आणि आडवी झाली.

"आई, मला बरं नाय वाटत."

राहीबाईंनी लगेच पट्टा बांधला. फुगा दाबला.

"एकशेपाच! आगो, चांगलं हाय की! पूर्वी कधी नव्वदच्या वर जायची नायस तू. पित्त झालंय. लोणची काय कमी खाल्लीस?"

"आई, विश्रामना फोन करा."

"करते. पण तू पड निवांत."

ज्या बाईने नव्वदला आळी डोक्यावर घेतली, ती आज सून खरोखर हातची जात असताना सुपारी कातरत बसली होती! तिचा तरी काय दोष? काटा कधी खोटं बोलत नाही, हे तिच्या लेकानेच तिला शिकवलं होतं. तरी सुनेने सांगितलं म्हणून तिने फोन लावला. ऐकायला कमी येतं म्हणून तिचा फोन कायम स्पीकरवर असायचा. ओटीवर त्या वेळी साखरबाई, ललित आणि बीपी मोजायला आलेली पाच-सहा माणसं होती.

"विश्राम, काय नाय रे, शालूला जरा कणकण हाय. दोनदा ओकली. झोपलीय. पण बीपी झकास हाय, एकशेपाच!"

विश्राम तेव्हा शिडीवर होता, एका हातात वाफेच्या लाइनचा गेज, दुसऱ्यात पाना. एकशेपाच! मनातल्या मनात तीस वजा झाले आणि त्याच्या हातातला पाना खाली पडला.

"आई! ललित कुठे हाय? गाडी काढायला सांग! पालघरला न्या! आत्ताच्या आत्ता!"

"आरे पण एकशेपाच..."

"पंच्याहत्तर हाय ते! काटा खोटा हाय!"

ओटीवर सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"माझा काटा खोटा?" राहीबाई भडकल्या. "ज्या काट्याने सून बरी केली तो..."

"आई, पट्टा सोड. खुंटीला टांग. टांगलास? हवा काढ पुरी. आता बघ, किती दाखवतो?"

राहीबाईंनी डोळे बारीक केले.

"तीस."

"मग? खुंटीला बीपी असतं का?"

राहीबाईंनी खुंटीकडे बघितलं. साखरबाईनेही बघितलं. पुजाऱ्याने तर जवळ जाऊन बघितलं!

"मी फिरवला तो काटा! तू घाबरू नयेस म्हणून! मी गाढव हाय!"

"मंग माझे एकशेसाठ?" साखरबाई फोनवर ओरडली.

"मावशी, पाया पडतो, नंतर मारा! आधी शालूला उचला!"

आणि इथे त्या आळीचं कौतुक करावं तेवढं थोडंच! इतके दिवस आळणी गिळलेली ती माणसं. पण भांडत कोणी बसलं नाही. ललितने गाडी मागे घेतली. साखरबाईने शालूला पोरीसारखं कवेत उचललं. पुजारी अनवाणी गाडीत चढला. राहीबाई सुनेचे हात चोळत बसल्या आणि वाटभर एकच म्हणत होत्या, "माझ्या हाताने नाय जाऊ देणार तुला. नाय जाऊ देणार." विश्रामने डॉक्टरीणबाईंना फोन करून ठेवला आणि मोटारसायकल काढली ती थेट पालघरला.

तो पोचला तेव्हा इंजेक्शन देऊन झालं होतं आणि सलाइन सुरू होतं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

"वेळेवर आणलंत. अजून उशीर झाला असता तर मी काही सांगू शकले नसते." त्यांनी चष्मा पुसला. "आता धोका नाही."

विश्राम भिंतीला टेकून खाली बसला आणि चारचौघांत ढसाढसा रडला. वॉर्डच्या दारात सिस्टर आली. "शालू संखेचे नातेवाईक कोण?" बाकड्यावरचे सगळेच्या सगळे हात वर गेले! पोस्टमनचासुद्धा! तो नेमका कधी येऊन बसला ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

"एकालाच सोडेन मी आत," सिस्टर म्हणाली.

विश्राम गेला. शालूच्या चेहऱ्यावर रंग परतला होता. तिने सगळं ऐकलं होतं, गाडीतच. साखरबाई गाडीत तेवढंच बोलत होती.

"शालू, मला माफ कर. मी तुझ्यासाठीच..."

"ठाऊक हाय मला," शालू हळू आवाजात म्हणाली. "मीच सांगितलं होतं काय तरी करा. पण माझं नव्वद ते माझं नव्वद. लोकांना बरं दिसावं म्हणून त्याचं एकशेवीस करू नका. आईंना नव्वदची सवय करू. लागेल वेळ." तिने दाराच्या काचेकडे बघितलं. तिथे साखरबाईचं नाक चेपलेलं दिसत होतं. "आणि मला यांची लाज वाटायची हो! वेडी मी. अशी धावणारी माणसं किती जणांच्या दारात असतात?"

विश्रामला पुन्हा रडू फुटणार तेवढ्यात सिस्टर म्हणाली, "काका, तुम्ही घामाने भिजलाय. बसा. बीपी बघते तुमचं."

"मला काय झालंय?"

सिस्टरने पट्टा बांधला. मोजलं. पुन्हा मोजलं.

"एकशेशहात्तर!"

"सिस्टर, तुमचा काटा बघायला पाहिजे," विश्राम घाईघाईने म्हणाला आणि त्याचा हात सवयीने खिशातल्या स्क्रूड्रायव्हरकडे गेला.

"काका, काट्याला हात लावाल तर बघा!"

शालू घरी आली त्या दिवशी आळी हिशेब चुकता करायला आली. "आठवडाभर आळणी आमटी जेवलो आमी!" साखरबाईने विश्रामचा कान धरला, चांगला पिळला आणि मग म्हणाली, "जाऊ दे. पोरगी वाचली. आमच्या बरण्या काढ."

बरण्या निघाल्या. सगळ्या रिकाम्या! शालू पदरात तोंड लपवून हसत होती.

आता यंत्राचा काटा शून्यावर आहे. शिवाय त्यावर ठसठशीत चिठ्ठी आहे, "तपासले. विश्राम." त्या चिठ्ठीवर आळीत कोणाचाही काडीचा विश्वास नाही. राहीबाई रोज आधी खुंटीला पट्टा बांधतात, "खुंटी शून्य!" असं मोठ्याने जाहीर करतात, आणि मगच सुनेकडे वळतात.

"ब्याण्णव," एके दिवशी त्या म्हणाल्या. थांबल्या. हाक अगदी ओठांवर आली होती, दिसत होती! पण त्यांनी ती गिळली. "आमच्या शालूचं झकास."

शालूने वाकून नमस्कार केला. मग राहीबाई लेकाकडे वळल्या. विश्राम आळणी दुधीची भाजी पुढ्यात घेऊन बसला होता.

"एकशेसदुसष्ट!" राहीबाईंनी इतके दिवस साठवलेली ती हाक शेवटी फोडली. "आगो, माझा पोर चालला गो!"

टोपली आपटल्याचा आवाज झाला. दारात इकोचा हॉर्न वाजला. ललित आत शिरला.

"दादा, बसा गाडीत."

"मला काय नाय झालं रे! जरासं चढलंय! आणि एवढी माणसं कशाला? मला लाज वाटते!"

शालू गाडीत पुढच्या सीटवर बसलीसुद्धा होती. मांडीवर लोणच्याची नवी बरणी, साखरबाईने दिलेली.

"लाज कसली?" कैरीची फोड तोंडात टाकत ती म्हणाली. "पेशंटला असंच वाटतं. बसा!"